'तीस मिलिग्रॅम' म्हणजे नेमकं किती? वीज केंद्राच्या धुराचे नियम सोप्या भाषेत

एक ५०० मेगावॅटचा कोळशावर चालणारा संच डोळ्यासमोर आणा. कोळसा जरा जास्त राखेचा आहे असं धरू, म्हणजे शंभर किलो जाळला की पस्तीस किलो राख मागे उरते. फुल लोडवर असा संच दिवसाला साधारण ७,००० टन कोळसा खातो, त्यातून निघते जवळपास २,४५० टन राख, त्यातला पाचवा हिस्सा बॉयलरच्या तळाला पडतो आणि उरलेली दोनेक हजार टन राख, पिठाहून बारीक, गरम वायूच्या झोताबरोबर वर उडते. रोजच्या रोज. वाटेत तिला कोणी अडवलं नाही तर ती सगळी चिमणीतून बाहेर येणार.

आता समजा वाटेत ९९ टक्के पकडली. ऐकायला किती छान वाटतं, पण उरलेला एक टक्का म्हणजे दिवसाला २० टन. ९९.९ टक्के पकडली तर २ टन. कागदावर फरक एका टक्क्याहूनही कमी, हवेत फरक दहापट. म्हणून या विषयात सगळी भांडणं दशांश चिन्हाच्या पुढच्या आकड्यांवर होतात आणि ती क्षुल्लक अजिबात नसतात.

बातमीत आपण वाचतो की अमुक केंद्राला धुळीची, म्हणजे चिमणीतून सुटणाऱ्या याच राखेची, ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, तमुक केंद्र ५० च्या आत आहे, आणि आपल्याला वाटतं नियम कळला. पण तो आकडा म्हणजे नियम नाही हो. किती हवेमागे तीस, ती हवा किती गरम आणि किती पातळ केलेली, किती वेळाची सरासरी, कोणते तास हिशोबातून वगळले, आणि मोजलं कशाने, हे सगळं मिळून नियम बनतो. तोच तीसचा आकडा एका ठिकाणी खूप कडक असू शकतो आणि दुसरीकडे जवळजवळ पोकळ. हेच आज जरा सविस्तर सांगायचंय कारण माझ्या मते या विषयातली सगळी गोम त्या बारीक अक्षरातल्या अटींमध्ये आहे.

सुरुवात डोळ्यांपासून झाली. मोजायची यंत्रं नव्हती तेव्हा धूर किती काळा हे बघूनच ठरवायचे, पण एकाला काळा वाटतो तो दुसऱ्याला करडा. १८८८ साली पॅरिसमध्ये मॅक्सिमिलियन रिंगलमान नावाच्या प्राध्यापकाने यावर एक साधा उपाय काढला. पांढऱ्या कागदावर काळ्या रेघांची जाळी, रेघा जितक्या जाड तितका कागद लांबून जास्त करडा दिसतो, कारण काही अंतरावर गेलं की रेघा वेगळ्या दिसतच नाहीत, एकजीव होतात. एक नंबरचा कागद २० टक्के काळा, दोन नंबर ४०, असं करत पाच नंबर पूर्ण काळा. हा तक्ता लांब उभा करायचा, एकदा तक्त्याकडे बघायचं एकदा चिमणीकडे, आणि धूर कुठल्या नंबरशी जुळतो ते लिहून ठेवायचं. बस, त्यावरून कायदे झाले, की दोन नंबरपेक्षा काळा धूर चालणार नाही. पुढची कितीतरी वर्षं अनेक शहरांत धुराचा नियम म्हणजे हाच तक्ता होता.

पण यात अडचण अशी की काळा धूर म्हणजे नीट न जळलेला कोळसा, काजळी. बॉयलर सुधारले, कोळसा दळून पावडर करून जाळायला लागले, तसं जळणं चांगलं झालं आणि काजळी कमी झाली, मात्र राख तेवढीच राहिली, आणि राखेचा धूर करडा-पांढरट असतो. तो रिंगलमानच्या काळ्या जाळीशी जुळवणार कसा? म्हणून मग 'किती काळा' ऐवजी 'मागचं किती झाकलं जातं' असा प्रश्न विचारायला लागले. यालाच ऑपॅसिटी म्हणतात. धुराच्या मागचं आकाश किंवा डोंगर अजिबात दिसत नसेल तर १०० टक्के, स्वच्छ दिसत असेल तर शून्य. अमेरिकेत १९७१ मध्ये नव्या मोठ्या वीज केंद्रांसाठी पहिले देशव्यापी नियम आले त्यात २० टक्के ऑपॅसिटीची मर्यादा होती.

ही ऑपॅसिटी डोळ्याने वाचायची पद्धत तिथे आजही अधिकृत आहे आणि ती किती काटेकोर आहे हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा आश्चर्य वाटलं. निरीक्षकाने सूर्य पाठीशी राहील असं उभं राहायचं, कारण सूर्य समोर असेल तर धुराचे कण चमकतात आणि धूर आहे त्यापेक्षा दाट दिसतो. वारा ज्या दिशेने धूर नेतोय त्याला आडवं बघायचं, धुराच्या लांबीच्या दिशेने नाही, नाहीतर जास्त जाडीतून बघितल्यासारखं होतं. सारखं टक लावून बघायचं नाही, दर १५ सेकंदांनी एक नजर टाकायची आणि पाचच्या पटीत आकडा लिहायचा, ५, १०, १५ असं. सहा मिनिटांत २४ नोंदी झाल्या की सरासरी. आणि हे करायला आधी परीक्षा द्यावी लागते, एक यंत्र मुद्दाम २५ वेळा काळा आणि २५ वेळा पांढरा धूर सोडतं, उमेदवाराने अंदाज लिहायचे, एकाही नोंदीत १५ टक्क्यांहून जास्त चूक चालत नाही आणि सरासरी चूक साडेसात टक्क्यांच्या आत लागते. प्रमाणपत्र सहा महिन्यांनी संपतं, परत परीक्षा.

इथे एक नेहमीचा गोंधळ सांगून टाकतो. वीज केंद्राजवळून जाताना जे भलेमोठे पांढरे ढग दिसतात ते बऱ्याचदा कूलिंग टॉवरमधले असतात, बुटके रुंद टॉवर, आणि ते ढग म्हणजे पाण्याचे थेंब. ते बघून लोक घाबरतात आणि शेजारची उंच सडपातळ चिमणी, जिच्यातून काहीच निघत नाहीये असं वाटतं, तिच्याकडे कोणी बघत नाही. चिमणीच्या धुरातसुद्धा वाफ असू शकते, म्हणून निरीक्षकाने वाफ विरून गेल्यानंतर पुढे जो धूर उरतो तोच वाचायचा असतो.

पण डोळ्याची खरी मर्यादा वेगळीच आहे. धूर किती दाट दिसतो हे फक्त राख किती यावर ठरत नाही, कण किती बारीक आहेत आणि चिमणी किती रुंद आहे यावरही ठरतं. तीच हवा, घनमीटरमागे तेवढीच धूळ, पण चिमणी दुप्पट रुंद असेल तर तुमची नजर दुप्पट जाडीच्या धुरातून जाते आणि ऑपॅसिटी जास्त येते. उलट जाड कणांची बरीच धूळ असली तरी धूर विरळ दिसू शकतो, कारण जाड कण वजनाच्या मानाने प्रकाश कमी अडवतात. आणि रात्री? रात्री ही पद्धत जवळपास बंदच. म्हणून डोळ्याच्या जोडीला वजनाचा नियम लागतो, एवढ्या हवेत एवढे मिलिग्रॅम.

वजन का इतकं महत्त्वाचं ते शरीराकडे बघितलं की कळतं. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण, केसाच्या तिसाव्या हिश्शाएवढे. नाकात घशात जे अडकतं ते मोठे कण, हे मात्र थेट फुफ्फुसाच्या शेवटच्या टोकापर्यंत जातात, आणि त्यातले अगदी बारीक रक्तातही. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर ५ ते ९ तारखेपर्यंत धुराचं आणि धुक्याचं जे झाकण बसलं त्यात घरातल्या शेगड्या होत्या, कारखाने होते आणि शहराच्या मध्यातली कोळशाची वीज केंद्रंही होती. तेव्हाचा अंदाज ४,००० मृत्यूंचा होता, नंतरच्या अभ्यासकांनी तो १२,००० च्या आसपास नेला. १९५६ चा तिथला स्वच्छ हवेचा कायदा त्यातून आला. जागतिक आरोग्य संघटनेने पीएम २.५ साठी वर्षाची सरासरी २००५ मध्ये घनमीटरला १० मायक्रोग्रॅम सुचवली होती, २०२१ मध्ये ती निम्मी करून ५ वर आणली. म्हणजे जसजसा अभ्यास वाढला तसतसं लक्षात आलं की आपण ज्याला कमी समजत होतो ते कमी नव्हतं.

आता ती दोन हजार टन राख अडवतात कशी ते बघू, कारण यंत्र कळल्याशिवाय नियमातल्या सवलती कळत नाहीत.

सगळ्यात जास्त वापरात आहे ईएसपी. नाव मोठं आहे, इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटर, पण कल्पना सोपी. अमेरिकेतल्या फ्रेडरिक कॉटरेल यांनी गंधकाम्लाचं धुकं पकडायला ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वापरात आणली. दोन-तीन मजली इमारतीएवढे उंच लोखंडी पत्रे रांगेने उभे असतात, मध्ये वीतभर किंवा थोडं जास्त अंतर, आणि त्या मोकळ्या जागेत तारा किंवा काटेरी सळ्या टांगलेल्या, त्यांना हजारो व्होल्टचा, साधारण ४० ते ७० हजार व्होल्टचा, ऋण भार दिलेला. वायू यातून अगदी सावकाश जातो, सेकंदाला मीटरभर, माणूस चालतो त्याहूनही हळू. तारेभोवती हवेत भार सुटतो, तो राखेच्या कणांवर चिकटतो, आणि भार असलेला कण पत्र्याकडे ओढला जाऊन तिथे बसतो. थर जमला की बाहेरून हातोडे पत्र्यांवर ठोकतात, राख पापुद्र्यासारखी सुटून खालच्या हॉपरमध्ये पडते. चालू ईएसपीजवळ उभं राहिलं की तो ठोकण्याचा ठण ठण आवाज थोड्या थोड्या वेळाने येत राहतो. प्रत्येक ठोक्याला थोडी राख परत उडते, म्हणून पत्र्या-तारांचे असे गट, त्यांना फिल्ड म्हणतात, एकामागे एक चार, पाच, सात लावतात, पहिल्यातून सुटलेलं दुसरी पकडते, दुसरीतून सुटलेलं तिसरी. शेवटच्या फिल्डमधून जे परत उडतं ते मात्र थेट चिमणीकडे.

आता गंमत नाही, खरी अडचण अशी की ईएसपीला कोळसा आवडावा लागतो. राखेतून वीज किती सहज जाते यावर सगळं अवलंबून आहे. फार सहज जात असेल तर कण पत्र्याला लागताच भार सोडून देतो आणि परत हवेत निसटतो. अजिबात जात नसेल तर पत्र्यावरच्या थरात भार साचत जातो, मग थरातच ठिणग्या-भोवरे तयार होऊन उलट्या भाराचे कण बाहेर फेकले जातात आणि जे पकडायचं तेच सुटायला लागतं. आणि कोळशात गंधक कमी असेल तर नेमकं हेच होतं, कारण गंधकापासून तयार होणारा एक वायू राखेच्या कणावर पातळ थर देऊन त्यातून वीज वाहायला मदत करतो. म्हणजे एका प्रदूषणासाठी चांगला असलेला कमी गंधकाचा कोळसा दुसऱ्या प्रदूषणासाठी त्रासदायक. काही ठिकाणी तर यासाठी तो गंधकाचा वायू अगदी थोडासा मुद्दाम सोडतात, राखेला ईएसपीत बसवण्यासाठी. सांगायचं एवढंच की डिझाइन एका कोळशासाठी केलं, प्रत्यक्षात दुसराच कोळसा आला, तर तेच यंत्र, तीच माणसं, पण चिमणीवरचा आकडा बिघडतो. आणि बारीक कणांचं एक दुखणं आहेच, ०.१ ते १ मायक्रॉनच्या मधले कण ईएसपीतून सगळ्यात जास्त निसटतात. एकूण वजनात ते नगण्य, फुफ्फुसासाठी तेच सगळ्यात वाईट.

दुसरा पर्याय बॅग फिल्टर. हजारो लांब कापडी पिशव्या, वायू कापडातून आरपार जातो, राख बाहेर राहते, आणि त्या राखेचा थरच पुढच्या राखेला गाळायला लागतो. मग मधूनमधून दाबाच्या हवेचा फटका मारून पिशव्या झटकायच्या. याला राखेतून वीज जाते की नाही याच्याशी देणंघेणं नाही, बारीक कणही चांगले पकडतो. पण पिशवी फाटली की त्या भोकातून सरळ धूर, कापड बदलायचा खर्च, आणि वायू ढकलायला फॅनला जास्त ताकद. जुन्या केंद्रात ईएसपीच्या शेवटच्या फिल्ड काढून तिथेच पिशव्या बसवतात असंही करतात.

आता येऊ आकड्यावर. वर धरलेल्या संचात साफ होण्याआधी प्रत्येक घनमीटर वायूत ढोबळमानाने ४०-५० ग्रॅम राख असते. नियम ३० मिलिग्रॅमचा असेल तर त्यातला साधारण दीड हजारावा भागच बाहेर जाऊ द्यायचा. पण 'घनमीटर' म्हणजे कुठला घनमीटर? वायू गरम असला की फुगतो, म्हणजे तेवढीच राख जास्त जागेत पसरून आकडा आपोआप कमी दिसतो. म्हणून नियमात 'नॉर्मल' घनमीटर लिहिलेला असतो, शून्य अंश तापमान, समुद्रसपाटीचा दाब, आणि बहुतेक ठिकाणी वाफ वजा करून.

त्याहून मोठी पळवाट म्हणजे जास्तीची हवा. चिमणीत बाहेरची हवा मिसळली, मुद्दाम म्हणा की वायू वाहून नेणाऱ्या गळक्या डक्टमधून म्हणा, तर धूळ पातळ होते, बाहेर जाणारी धूळ मात्र तेवढीच. हे कळतं ऑक्सिजनवरून, कारण जळल्यानंतर ऑक्सिजन कमी असायला हवा आणि बाहेरच्या हवेत तो २१ टक्के असतो. म्हणून कोळशासाठी आकडा ६ टक्के ऑक्सिजनवर आणून बघायची पद्धत बऱ्याच देशांत आहे. हिशोब सोपा आहे, मोजलेल्या आकड्याला १५ ने गुणायचं आणि २१ मधून मोजलेला ऑक्सिजन वजा करून जे येतं त्याने भागायचं. समजा बोर्डावर लिहिलंय ४५ मिलिग्रॅम आणि मर्यादा ५०, सगळे खूश. पण वायूत ऑक्सिजन १२ टक्के निघाला तर ४५ गुणिले १५ भागिले ९, म्हणजे ७५. मर्यादेच्या दीडपट! एकच आकडा, पण शेजारचा ऑक्सिजनचा रकाना वाचला नाही तर चित्र पूर्ण उलटं. म्हणूनच मी म्हणतो की धुळीचा आकडा ऑक्सिजनशिवाय कोणी दाखवला तर त्यावर विश्वास ठेवू नका.

काही देश घनमीटरऐवजी जाळलेल्या उष्णतेमागे किती धूळ असं मोजतात, तिथे हवा मिसळून फायदा होत नाही. अमेरिकेतला १९७१ चा नियम असाच आहे, दर ज्यूल उष्णतेमागे ४३ नॅनोग्रॅम धूळ, आणि १९७० च्या दशकाच्या शेवटी नव्या केंद्रांसाठी तो १३ वर आला.

देशांचे आकडे शेजारी ठेवले की दिशा दिसते. भारतात मोठ्या संचांना आधी १५० मिलिग्रॅमची मर्यादा होती, डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने ती वयाप्रमाणे केली, २००३ अखेरपर्यंतच्या संचांना १००, त्यानंतर २०१६ अखेरपर्यंतच्यांना ५०, आणि २०१७ पासूनच्यांना ३०, पाळायची मुदत मात्र नंतर पुन्हा पुन्हा पुढे गेली. युरोपने २०१० च्या निर्देशात नव्या मोठ्या कोळसा केंद्रांसाठी १० ठेवले. चीनने २०११ मध्ये सर्वसाधारण ३० आणि महत्त्वाच्या भागांत २० ठरवले, मग २०१४ पासून 'अतिकमी उत्सर्जन' म्हणून १० कडे नेले. म्हणजे यंत्राने हे जमतं, हा प्रश्न आता उरलेला नाही. जुन्या संचांना सूट का देतात याचं कारण जागा आणि पैसा, जुन्या ईएसपीच्या शेजारी नवी फिल्ड उभी करायला जागाच ठेवलेली नसते. ते कारण मला समजतं, पण चिमणीखाली राहणाऱ्या माणसाचं फुफ्फुस संचाचं वय बघत नाही हेही तितकंच खरं.

आता सरासरी. हा भाग कंटाळवाणा वाटेल पण इथेच सगळ्यात जास्त धूळ लपते. युरोपच्या नियमात सतत मोजणाऱ्या केंद्राची महिन्याची सरासरी मर्यादेच्या आत हवी, दिवसाची सरासरी मर्यादेच्या ११० टक्क्यांपर्यंत चालते, आणि वर्षातल्या ९५ टक्के तासांची सरासरी मर्यादेच्या दुपटीच्या आत हवी. उरलेले ५ टक्के तास? केंद्र वर्षभर चाललं तर ते ४३८ तास होतात. त्या तासांत दुपटीच्याही वर गेलं तरी तासाची अट मोडत नाही, फक्त दिवस आणि महिना सांभाळायचा. मी असं म्हणत नाही की हे चूक आहे, यंत्रं बिघडतात, थोडी मोकळीक लागते, पण श्वास आपण तासातासाने घेतो, महिन्याच्या सरासरीने नाही, आणि दमा असलेल्या मुलाला तो एक वाईट तास पुरतो.

आणि मग सुरुवातीचे तास. थंड बॉयलर पेटवताना आधी तेल जाळतात, मग हळूहळू कोळसा. या काळात जळणं अर्धवट असतं, वायूत न जळलेलं तेल आणि कार्बन मोनॉक्साइड असू शकतो, आणि ईएसपीत तर ठिणग्या उडतच असतात, म्हणून स्फोटाच्या भीतीने आणि पत्र्यांवर चिकट तेल बसू नये म्हणून ईएसपी लगेच पूर्ण चालू करत नाहीत. बॅग फिल्टरलाही ओलं तेलकट काही नको असतं. परिणाम असा की सगळ्यात घाण धूर ज्या तासांत निघतो त्याच तासांत यंत्र अर्धं बंद, आणि बऱ्याच नियमांत नेमके तेच तास हिशोबाबाहेर. युरोपात चालू-बंद करण्याचा काळ सरासरीत धरत नाहीत. यंत्र बिघडलं तर मात्र तिथे २४ तासांत दुरुस्त करा नाहीतर भार कमी करा किंवा बंद करा अशी अट आहे, आणि बारा महिन्यांत असे एकूण १२० तासच. अमेरिकेत विषारी हवा-प्रदूषकांच्या नियमांत चालू-बंद आणि बिघाडाच्या काळाला सरसकट सूट होती, २००८ मध्ये तिथल्या फेडरल अपील कोर्टाने ती रद्द केली, कारण कायद्यात मर्यादा सतत लागू असायला हवी असं लिहिलंय. पूर्वी केंद्रं एकदा चालू झाली की महिनोन्महिने चालायची तेव्हा हे तास थोडे होते. आता सौर आणि पवन वीज आली की कोळशाचे संच दुपारी खाली आणायचे, संध्याकाळी परत वर, कधी पूर्ण बंद करून परत पेटवायचे, त्यामुळे हे तास वाढतायत. जुने नियम लिहिताना हे कोणाच्या डोक्यात नव्हतं.

एवढं सगळं सांभाळलं तरी चाचणीत काही गोष्टी येतच नाहीत. नेहमीच्या चाचणीत वायू साधारण १२० अंशावर गरम ठेवलेल्या फिल्टरमधून ओढतात. त्या तापमानाला जे वायूरूपात आहे, गंधकाम्लाची वाफ, काही तेलकट पदार्थ, ते फिल्टरमधून निघून जातं आणि चिमणीबाहेर थंड हवेत पोचलं की त्याचे बारीक कण होतात. ते मोजायला वेगळी चाचणी लागते. आणि त्याहून मोठा हिस्सा असा की सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजनचे ऑक्साइड हे चिमणीतून निघताना धूळ नसतातच, काही तासांत, काही दिवसांत हवेत त्यांचे सल्फेट नायट्रेट बनतात, आणि तेही पीएम २.५ च. तोपर्यंत वारा त्यांना शेकडो किलोमीटर घेऊन गेलेला असतो. २०२३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकेतल्या कोळसा वीज केंद्रांवर मोठा अभ्यास आला, त्यात त्यांनी सल्फर डायऑक्साइडपासून बनणाऱ्या पीएम २.५ चा माग काढला, १९९९ ते २०२० या काळात ६५ वर्षांवरच्या लोकांत त्याच्याशी जोडलेले सुमारे ४,६०,००० मृत्यू मोजले, आणि तेवढ्याच पीएम २.५ चा धोका इतर स्रोतांच्या सरासरीपेक्षा दुपटीच्या आसपास निघाला. त्यातलीच आशेची गोष्ट म्हणजे सल्फर डायऑक्साइड धुऊन काढणारे स्क्रबर बसले, केंद्रं बंद झाली, तसे हे मृत्यू वर्षागणिक झपाट्याने खाली आले. म्हणजे फक्त धुळीचा आकडा पाळला आणि गंधकाचा सोडून दिला तर धुळीचा प्रश्नसुद्धा अर्धाच सुटतो.

चिमणी उंच केली की झालं, असंही एकेकाळी लोकांना प्रामाणिकपणे वाटायचं. कझाकस्तानातल्या एकिबास्तुझच्या केंद्राची चिमणी जवळपास ४२० मीटर आहे. जवळच्या गावात हवा सुधारते हे खरं, पण निघालेली धूळ आणि वायू नाहीसे होत नाहीत, दुसऱ्या कोणाच्या डोक्यावर जातात, आणि स्कँडिनेव्हियातली तळी आम्लाने मेली ती दुसऱ्या देशांच्या चिमण्यांमुळे. अमेरिकेने १९७७ मध्ये कायद्यात लिहिलं की चिमणी गरजेपेक्षा उंच केली म्हणून उत्सर्जनात सूट मिळणार नाही.

शेवटचा प्रश्न मोजणाऱ्या यंत्राचा. आता बऱ्याच ठिकाणी चिमणीवर ऑनलाइन मॉनिटर असतात आणि आकडे थेट नियंत्रण मंडळाच्या सर्व्हरवर जातात, ही फार चांगली गोष्ट आहे, कारण हाताने केलेली चाचणी म्हणजे साधारण तास-तासाच्या तीन फेऱ्या, आणि वर्षात तास असतात ८,७६०. पण सल्फर डायऑक्साइडचा मॉनिटर तपासायला ठराविक प्रमाणाच्या वायूचा सिलिंडर मिळतो, तो जोडायचा आणि यंत्र बरोबर वाचतंय का बघायचं. धुळीचा असा सिलिंडर नसतो. धुळीचा मॉनिटर बहुतेक वेळा प्रकाशाचा किरण सोडतो आणि कणांवरून किती प्रकाश उडाला ते बघतो, तो मिलिग्रॅम मोजतच नाही, प्रकाश मोजतो. मग तो प्रकाश म्हणजे किती मिलिग्रॅम हे ठरवायला हाताच्या चाचणीशी त्याची जोडी लावावी लागते, किमान पंधरा फेऱ्या, वेगवेगळ्या पातळ्यांवर, आणि त्या ठिपक्यांतून एक रेघ काढायची. पुढचे सगळे आकडे त्या रेघेवरून येतात. कोळसा बदलला, कणांचा आकार बदलला, ईएसपीची एक फिल्ड बंद पडून जाड कण सुटायला लागले, की जुनी रेघ लागू राहत नाही, पण स्क्रीनवर आकडा येत राहतो, २८, २९, २८, शांतपणे.

तेव्हा परत वर जावं लागतं, शिडीने, चिमणीच्या त्या गरम प्लॅटफॉर्मवर. लांब नळी आत घालायची, आडव्या छेदात ठरलेल्या प्रत्येक बिंदूवर थोडा थोडा वेळ, आणि चिमणीत वायू ज्या वेगाने वाहतोय नेमक्या त्याच वेगाने तो नळीत ओढायचा. हळू ओढला तर वायू नळीला वळसा घालून जातो पण जड कण सरळ आत शिरतात आणि आकडा खोटा जास्त येतो, जोरात ओढला तर आजूबाजूचा वायू आत येतो पण त्यातले जड कण मागे राहतात आणि आकडा खोटा कमी. तासभर हे सांभाळायचं. मग फिल्टरचा तो कागद चिमट्याने डबीत ठेवायचा, प्रयोगशाळेत सुकवायचा, आणि आधी जितका भरला होता त्यापेक्षा आता किती जास्त भरतोय ते काट्यावर बघायचं.